न जिंकलेली काशी

१७४२ च्या जून महिन्यात मल्हारराव होळकरांची फौज काशीच्या आसपास होती. ज्ञानवापीची मशीद पाडायची आणि विश्वेश्वराचे देऊळ पुन्हा उभे करायचे, असे सुभेदारांनी मनात घेतले होते. ही बातमी शहरात पोहोचली तेव्हा सर्वांत जास्त धास्तावले ते तिथले दक्षिणी ब्राह्मण. नारायण दीक्षित पाटणकरांसारखी वजनदार माणसे पुढे झाली आणि हा बेत सोडा म्हणून विनवू लागली. त्यांचे म्हणणे सरळ होते. फौज आज आहे, उद्या कूच करील. मागे आम्ही उरणार, आणि अयोध्येचा नवाब सफदरजंग त्याचे उट्टे आमच्यावर काढणार. त्या महिन्यातल्या एका पत्रात ही सगळी घालमेल उतरली आहे. मल्हाररावांनी बेत सोडला.

पुढे सुमारे चार दशकांनी त्यांच्या सुनेने, अहिल्याबाईंनी, विश्वेश्वराचे देऊळ बांधले. मशिदीला हात न लावता, तिच्या शेजारी. सोबत फौज नव्हती, शहरावर होळकरांची सत्ता नव्हती, आणि त्या काळात स्वतः बाई मुक्कामाला होत्या त्या शेकडो कोस दूर, नर्मदेकाठी महेश्वरला. तलवारीच्या जोरावर जे साधले नाही ते हुंडी, कारकून आणि पाथरवट यांच्या बळावर कसे साधले, याची ही कथा आहे. आज दशाश्वमेधाच्या दक्षिणेला, शीतळा घाटाला लागून असलेल्या पायऱ्यांवर ‘अहिल्याबाई घाट’ असे नाव दिसते. त्या नावामागे हा सगळा खटाटोप उभा आहे.

काशी अतिप्राचीन आहे, यात शंका नाही. पण नावेतून दिसणारी काशी, म्हणजे उंच दगडी भिंती, बुरूज, सज्जे आणि पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांची सलग रांग, तेवढी जुनी नाही. मानमंदिरासारखे थोडे अपवाद सोडले तर ही बहुतेक बांधणी अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतली आहे, आणि तिच्यातला फार मोठा वाटा मराठ्यांचा आहे.

मराठी माणसाचे काशीशी नाते मात्र घाटांहून जुने. सोळाव्या शतकाच्या आरंभी पैठणचे रामेश्वर भट्ट काशीत येऊन स्थायिक झाले. त्यांचे चिरंजीव नारायण भट्ट यांनी प्रयाग, काशी आणि गया या तिन्ही क्षेत्रांचे विधी सांगणारा ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ लिहिला. अकबराच्या काळात, १५८५ च्या सुमारास, राजा तोडरमलाच्या पाठबळाने विश्वेश्वराचे भव्य देऊळ उभे राहिले, त्यामागेही नारायण भट्टच होते. पैठणच्याच एकनाथांनी आपल्या भागवताची सांगता १५७३ मध्ये काशीतच केली. गोदावरीकाठचे कवींद्राचार्य सरस्वती शहाजहानच्या दरबारात गेले आणि काशी-प्रयागच्या यात्रेकरूंवरचा कर माफ करवून आले. भट्टांच्याच घराण्यातले गागाभट्ट १६७४ मध्ये रायगडावर शिवरायांच्या राज्याभिषेकाला आले. मधे १६६९ साली औरंगजेबाच्या हुकमाने विश्वेश्वराचे देऊळ पाडले गेले होते आणि त्या जागी मशीद झाली होती. गागाभट्ट रायगडाच्या पायऱ्या चढले ते ही ताजी जखम घेऊनच.

पेशवाईत ही जखम राजकारणात उतरली. बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५-३६ मध्ये त्रिस्थळी यात्रेला गेल्या, तेव्हा वाटेतल्या रजपूत राजांनी आणि मोगल सरदारांनीही त्यांचा मान राखला. मुलाच्या नावाचा दरारा आईच्या मेण्यापुढे चालत होता. त्याच सुमारास नारायण दीक्षित काशीत राहू लागले. पेशव्यांच्या घराण्यात त्यांना गुरूचा मान होता, त्यामुळे पुण्याहून येणारा पैसा त्यांच्या हातून बांधकामाला लागे. ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट ही त्यांचीच कामगिरी. त्या आळ्यांत मराठी घरांची जी वस्ती झाली, तिच्या खुणा आजही आहेत.

पुण्याला मात्र घाटांवर समाधान नव्हते. नानासाहेब पेशव्यांना प्रयाग-काशी ही स्थळेच सरकारात हवी होती. उत्तरेतल्या सरदारांना जाणाऱ्या पत्रांत हा धोशा पुन्हा पुन्हा येतो. कधी वजिराशी तह, कधी नवाबाशी बोलणी, कधी नुसती तंबी. १७५९ मध्ये दत्ताजी शिंद्यांपुढे जी कामे होती त्यांतही हे एक होते. पुढच्याच वर्षी जानेवारीत दत्ताजी बुराडीच्या घाटावर पडले, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. मराठे पुढे दहा वर्षांत दिल्लीपर्यंत परतले, पण काशी हाती आली नाही ती नाहीच. १७७५ मध्ये अयोध्येच्या नवाबाने बनारसचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकला, आणि तो विषय कायमचा संपला.

नेमके त्यानंतर अहिल्याबाईंचे काम सुरू झाले.

चौंडीच्या माणकोजी शिंद्यांची ही लेक, जन्म ३१ मे १७२५. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव, आणि पुढच्याच वर्षी एकुलता मुलगा मालेराव. कारभार बाईंच्या हाती आला, फौज तुकोजी होळकरांच्या. ही विभागणी आपण अनेकदा वाचलेली असते, पण तिजोरीतली विभागणी सहसा सांगितली जात नाही, आणि काशीच्या कथेत तीच महत्त्वाची आहे. होळकरांच्या उत्पन्नाचे दोन भाग होते, दौलत आणि खासगी. दौलतीतून फौज आणि राज्य चाले. खासगीची जहागीर १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे मिळाली होती. ती घरच्या बाईची मालमत्ता, तिच्यावर फौजेचा हक्क नाही. सासूकडून ती सुनेकडे आली. अहिल्याबाईंनी खासगीचे स्वतंत्र हिशेब ठेवले आणि देशभरातली बांधकामे त्यातून केली. सोरटी सोमनाथचे नवे देऊळ, गयेचे विष्णुपद, वेरूळचे घृष्णेश्वर, हा सगळा पसारा त्या एका खात्यातला.

काशीचे देऊळ १७८० च्या सुमारास पूर्ण झाले. त्या वर्षांचे राजकारण शेजारी ठेवून पाहिले की या कामाचा खरा पीळ लक्षात येतो. १७७५ पासून मराठे आणि इंग्रज यांचे युद्ध चालू होते. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना कोंडणाऱ्या फौजेत महादजी शिंद्यांबरोबर तुकोजी होळकरही होते. म्हणजे होळकरांची फौज पुण्याच्या वाटेवर कंपनीशी लढत होती, आणि त्याच घराण्याच्या खासगीतून कंपनीच्या ताब्यातल्या शहरात देवळाचे काम चालू होते. सालबाईचा तह व्हायला १७८२ उजाडले. मधे १७८१ च्या ऑगस्टमध्ये काशीतच वणवा पेटला. कंपनीचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याने बनारसच्या राजा चेतसिंगाला शिवाला घाटावरच्या त्याच्याच वाड्यात कैद केले, गावकरी उठले, शिपाई कापले गेले, आणि चेतसिंग पागोट्यांचा दोर करून खिडकीतून नदीवर उतरला आणि नावेतून निसटला. हेस्टिंग्जलाही रातोरात चुनारला पळावे लागले. हे सारे अहिल्याबाई घाटापासून थोडेसेच वरच्या अंगाला घडले.

तरीही देवळाला धक्का लागला नाही. उलट १७८५ मध्ये हेस्टिंग्जच्याच सांगण्यावरून, शहराचे न्यायाधीश अली इब्राहीम खान यांच्या हातून, विश्वनाथाच्या दारासमोर नौबतखाना बांधला गेला. सत्ता कोणाचीही असो, तिला काशीत आपले नाव चांगले राहावे असे वाटते, हे जोखूनच देवळाची जागा ठरली असावी. मल्हाररावांच्या बेतात एकाची जागा दुसऱ्याने घ्यायची होती, म्हणजे फौज हलली की पारडे उलटणार. सुनेच्या बांधणीत कोणाची जागा गेली नाही, म्हणून ती कोणाला पाडावीशी वाटली नाही. १७४२ मध्ये दीक्षितांनी मांडलेल्या अडचणीला मिळालेले हे चोख उत्तर होते. या दोन वास्तूंचा शेजार आजही कोर्टकचेऱ्यांत गाजतो आहे. अठराव्या शतकात मात्र त्या शेजारानेच देऊळ वाचवले.

देऊळ आकाराने लहान आहे. शिखर सुमारे १५ मीटर उंच, गाभाऱ्यात चांदीने मढवलेल्या चौकोनी कुंडात जेमतेम दोन फुटांचे लिंग. आपण ज्याला सुवर्णमंदिर म्हणतो ते सोने महाराजा रणजितसिंगांनी १८३० च्या दशकात दिले. ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा खांबांचा मंडप १८२८ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या विधवा बायजाबाईंनी बांधला. एका मराठी विधवेने देऊळ उभारले आणि पन्नासेक वर्षांनी दुसरीने विहिरीवर छप्पर घातले.

आता घाटाकडे वळू. अहिल्याबाई घाटाचे आधीचे नाव केवलगिरी घाट. इथे गंगा उत्तरेकडे वाहते आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूने पश्चिम काठ कापत जाते. समोरच्या तीरावर वाळूचे पठार, आणि शहराकडे चिकणमाती नि कंकराचा उंच कडा. हा कडा दरसाल थोडा थोडा ढासळायचा. म्हणून काशीत घाट बांधणे म्हणजे नुसत्या पायऱ्या घालणे नव्हे, नदीला काठ खाण्यापासून रोखणे. दगड चुनारचा, पिवळसर करडा वाळूचा दगड. खाणी वरच्या अंगाला गंगेकाठीच, त्यामुळे दगड नावांत घालून प्रवाहाबरोबर खाली आणता येई. पाया घालायचा तो गंगा उतरलेली असताना, हिवाळा ते उन्हाळा या मोजक्या महिन्यांत. पावसाळ्यात पाणी पायऱ्या गिळत वर चढते, मोठ्या पुरात तर थेट वाड्यांच्या भिंतींना भिडते, आणि ओसरताना हातभर गाळ मागे ठेवते. आज तो पंपाने धुऊन काढतात, तेव्हा फावडी आणि घमेली होती.

अहिल्याबाई घाटावर उभे राहून वर पाहिले की वाड्याची भिंत कशी विचार करून बांधली आहे ते कळते. खालचा भाग बंद, भरीव, नुसता दगड. पाणी जिथवर पोहोचते तिथवर उघडीप नाही. सज्जे आणि खिडक्या सुरू होतात त्या पुराच्या आवाक्याच्या वर. ही शिस्त सोडली की काय होते ते थोडे पुढे, मणिकर्णिकेच्या शेजारी दिसते. १८३० च्या सुमारास बायजाबाई शिंद्यांनी तिथे फार देखणा आणि फार जड घाट बांधायला घेतला. काठाला ते ओझे पेलले नाही, दगडी काम चिरले आणि खचले. शिंदे घाट पुन्हा नीट बांधला जायला विसावे शतक उजाडले. तिथलेच कललेले रत्नेश्वराचे देऊळ अहिल्याबाईंच्या रत्ना नावाच्या दासीने बांधले आणि बाईंच्या शापाने ते कलले, अशी एक आख्यायिका नावाडी सांगतात. कारण शापात शोधण्यापेक्षा खालच्या मातीत शोधलेले बरे.

पण दगड हा या कामाचा सोपा भाग. अहिल्याबाईंनी घाटाबरोबर वाडा बांधला, ब्राह्मणांना राहायला घरे दिली, अन्नछत्र घातले. पूजेला नेमणूक, दिव्याला तेल, पुजाऱ्याला वर्षासन, गड्याला पगार, अशी दरसालची तरतूद लावून दिली. पंचगंगा घाटावरची दगडी दीपमाळ, जिला लोक ‘हजारा’ म्हणतात, तीही त्यांचीच. कार्तिकी पौर्णिमेला तिच्यावरचे शेकडो दिवे लागतात. त्या दीपमाळेवर एकदा खर्च झाला, पण तेलवातीचा खर्च दरवर्षीचा आहे, आणि त्याची सोय लावणारा माणूसच खरा बांधणारा. शिवाय गंगाजलाच्या कावडी दरसाल दूरदूरच्या देवळांना जात, थेट दक्षिणेपर्यंत. काशीत असलेली वस्तू देशभर पोहोचवायची आणि देशभरच्या यात्रेकरूला काशीत भाकरी आणि निवारा मिळवून द्यायचा, असा हा दुहेरी व्यवहार होता.

या तरतुदीचे मोल पृथ्वीच्या दुसऱ्या टोकावरच्या एका पवित्र शहराने फार स्पष्ट दाखवले आहे. पेरू देशात अँडीज पर्वतात सुमारे २,४३० मीटर उंचीवर माचू पिक्चू आहे. पंधराव्या शतकात इंका सम्राट पाचाकुती याच्यासाठी ते बांधले गेले, असे अभ्यासक मानतात. खाली उरुबांबा नदी, वर डोंगराच्या कण्यावर चुन्याशिवाय सांधलेले दगड, उताराला धरून ठेवणाऱ्या मजग्या, झऱ्याचे पाणी उतरवत नेणारी सोळा कारंजी. सूर्य हा इंकांचा कुलदेव. दक्षिणायनाच्या आरंभी, जूनमध्ये, सूर्यमंदिराच्या एका खिडकीतून उगवतीचा किरण आतल्या खडकावर पडतो. बांधणीत ते आपल्या घाटांहून कणभरही कमी नाही. इंका राजा वारला तरी त्याची जमीन आणि वाडे त्याच्या भाऊबंदांच्या गटाकडे राहत. त्या गटाला पानाका म्हणत. राजाचा जतन केलेला देह सांभाळायचा, त्याला नैवेद्य दाखवायचा, त्याच्या नावाने सण करायचे, हे त्यांचे काम. म्हणजे एका अर्थी तीही खासगीच. १५३२ मध्ये स्पॅनिश लोक आले, साम्राज्य कोसळले, पानाकांच्या जमिनी गेल्या, सेवेकरी पांगले, आणि शंभरेक वर्षांच्या आयुष्यानंतर हे शहर ओस पडले. १९११ मध्ये अमेरिकन प्राध्यापक हायरम बिंगहॅम तिथे पोहोचला तेव्हा भिंती जागच्या जागी होत्या आणि जुन्या मजग्यांवर दोन-चार शेतकरी कुटुंबे पीक घेत होती. दगडांनी दगा दिला नव्हता. त्यांच्यामागची माणसांची व्यवस्था तुटली होती.

काशीतही राज्ये कोसळलीच, पण व्यवस्था एका राज्याच्या खुंटीला बांधलेली नव्हती. अहिल्याबाई १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरला वारल्या, आणि त्यांच्या मागून मराठी बांधकामांचा ओघ थांबायच्या ऐवजी वाढला. नागपूरकरांचा भोसले घाट होताच. नागपूरचेच दिवाण श्रीधर नारायण मुनशी यांनी अहिल्याबाई घाटाला लागून मुनशी घाट बांधला, शेजारचा आजचा दरभंगा घाटाचा महालही मुळात त्यांचाच. अमृतराव पेशव्यांनी काशीत येऊन घाट आणि अन्नछत्र उभारले. यात्रेकरूंच्या वाटेवरची कर्मनाशा नदी मोठी कटकटीची. तिच्या पाण्याचा स्पर्श झाला तर सगळे पुण्य जाते अशी समजूत. नाना फडणविसांनी तिच्यावर पूल बांधायला घेतला. तो त्यांच्या हयातीत पुरा झाला नाही. पुढे काशीचे राजा पटनीमल यांच्या पैशातून आणि जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली तो १८३१ मध्ये झाला. पुण्याने सुरू केलेले काम इंग्रजाने तडीस नेले, कारण यात्रा कोणाच्याच राज्यात थांबणार नव्हती.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. दुसऱ्या बाजीरावांचे बंधू चिमाजी अप्पा काशीला येऊन राहिले. त्यांच्या आश्रयाला असलेल्या मोरोपंत तांब्यांच्या घरी काशीतच एक मुलगी जन्मली आणि तिचे नाव मणिकर्णिका ठेवले गेले. हीच पुढची झाशीची राणी. ज्या शहरावर मराठ्यांची एक दिवसही सत्ता चालली नाही, ते शहर राज्य गेल्यावर त्यांचे घर झाले.

अहिल्याबाईंवर एक आक्षेप तेव्हाही होता आणि आजही अधूनमधून ऐकू येतो. एवढा पैसा परमुलखातल्या देवळांवर घालण्यापेक्षा फौजेवर घातला असता तर? जॉन माल्कमला हाच प्रश्न पडला होता. या इंग्रज अधिकाऱ्याने माळव्यात राहून, होळकरांच्या जुन्या माणसांशी बोलून, १८२३ साली मध्य हिंदुस्थानावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. एका जाणत्या ब्राह्मणाचे उत्तर त्याने त्यात नोंदवले आहे. त्याचा आशय असा, की बाईंनी दानधर्मावर जेवढे खर्चले त्याच्या दुप्पट फौजेवर खर्चले असते, तरी तीस वर्षे मुलखात अशी शांतता राखता आली असती काय? स्वामीनिष्ठेचे बोल म्हणून हे सोडून देता येते. पण निजाम, टिपू, शिंदे, नागपूरकर या सगळ्यांच्या मुलखांतून बाईंचे कारकून, कावडी आणि हुंड्या ये-जा करत होत्या, हेही ध्यानात घ्यावे लागते. ज्या बाईचे अन्नछत्र आपल्या प्रजेला जेवू घालते तिच्यावर चालून जाणे कोणत्याही राजाला अवघडच.

हिशेब शेवटी पुढच्या पिढ्यांनी पुरा केला. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांच्या फौजेचा मोड झाला. पुढच्या महिन्यात मंदसोरचा तह झाला, दौलत गेली आणि उरले ते मांडलिक संस्थान. १९४८ मध्ये तेही विलीन झाले. खासगी मात्र राहिली. १९६२ मध्ये तिचा विश्वस्त निधी झाला आणि देवळे, घाट, धर्मशाळा यांची व्यवस्था त्याच्याकडे आली. १३ डिसेंबर २०२१ रोजी विश्वनाथाच्या नव्या आवाराचे लोकार्पण झाले तेव्हा त्या आवारात अहिल्याबाईंचा पुतळाही होता. मल्हाररावांनी घडवलेल्या फौजेची आठवण आज इतिहासाच्या पुस्तकांत आहे, आणि गौतमाबाईंच्या नावे मिळालेल्या जहागिरीचा हिशेब अजून चालू आहे.